जुना फोर्ट का गुदमरतो? ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये या चुका टाळा

ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये आपण ड्वार्फ म्हणजे बुटक्यांची वस्ती, म्हणजेच फोर्ट, चालवतो. पहिल्या दोन वर्षांत फोर्ट बुडतो तो तहानेने किंवा गोब्लिनच्या हल्ल्याने. दहाव्या वर्षानंतर त्याला मारतो तो साचलेला पसारा. गेममधलं वर्ष ३३६ दिवसांचं आणि दिवस १२०० टिकचा (टिक म्हणजे गेमच्या वेळेचा सगळ्यात छोटा टप्पा). एफपीएस, म्हणजे सेकंदाला सरकणारे टिक, १०० असेल तर वर्ष ६७ मिनिटांत सरतं, २० वर आलं की साडेपाच तास लागतात. फोर्ट धडधाकट असतो, पण खेळणाऱ्याचा धीर सुटतो.

लोकसंख्येची मर्यादा मुळात २०० असते. ती १०० ते १२० वर आणा, आणि हे लवकर करा: साधी मर्यादा बदलली तरी आपली कॅराव्हॅन (व्यापाऱ्यांचा तांडा) शरद ऋतूत येऊन परत जाईपर्यंत स्थलांतरित येत राहू शकतात. जन्मही थांबवायचे असतील तर ‘स्ट्रिक्ट’ मर्यादाही खाली आणा.

जनावरांकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. मोकळं फिरणारं प्रत्येक मांजर वाटा शोधत प्रोसेसर खातं. मांजरांनी एकदा मालक निवडला की त्यांना कापताही येत नाही, म्हणून पिल्लं लहान असतानाच कसायाकडे पाठवा किंवा पिंजऱ्यात घाला. गवत खाणारी जनावरं मात्र पिंजऱ्यात उपाशी मरतात, त्यांना कुरणच हवं.

सगळ्यात चिवट दुखणं कपड्यांचं. कपडे झिजतात तशी नावाभोवती आधी x, मग X, शेवटी XX अशी खूण दिसते, आणि फाटके कपडे घालावे लागले की ड्वार्फ मनातून खचत जातात. मालकीचे कपडे डंप करायची (कचऱ्यात टाकायची) खूण केली तरी कुणी उचलत नाही. म्हणून आधी नवे तयार ठेवा, म्हणजे जुने सुटतील. उन्हाळ्यात आणि शरदात पिगटेल हे धाग्याचं पीक पेरा. फार्मर्स वर्कशॉपमध्ये त्याचा धागा, मागावर कापड, क्लोदियरकडे (शिंप्याकडे) शर्ट, पँट आणि मोजे. एका कापडातून एकच शर्ट निघतो, तेव्हा शेत त्या हिशेबाने वाढवा.

टाकलेली लक्तरं कॅराव्हॅनला विका, उरलेली पुलाखाली चिरडा. पूल उचलला जाणारा हवा, आत सरकणारा चालत नाही. तो चालवणाऱ्या लीव्हरला १ आणि पुलाशी जोडणीला २ मेकॅनिझम (यंत्राचे भाग) लागतात. पूल वर असताना तो जिथे पडतो तिथे डंप झोन आखा, भरला की पूल पाडा. त्याआधी खाली कुणी नाही ना, हे नक्की पाहा: चिरडलेल्या ड्वार्फचं प्रेतही उरत नाही आणि त्याचं भूत फोर्टात फिरायला लागतं. तसं झालंच तर दगडी स्लॅब बनवा, क्राफ्ट्सड्वार्फ्स वर्कशॉपमध्ये त्यावर त्याचं नाव कोरा आणि स्लॅब उभा करा. नुसता कोरून गोदामात ठेवल्याने भूत जात नाही.

दारूचं गणित सोपं आहे. एक ड्वार्फ वर्षाला सुमारे १६ वेळा पितो, १०० जणांना १६०० लागतात. एका प्लंप हेल्मेट मशरूमची ५ दारू होते आणि बीही परत मिळतं. स्वयंपाकात तेच मशरूम गेलं तर बी बुडतं, म्हणून किचनच्या यादीत ते शिजवणं बंद करा. ‘दारू ५०० पेक्षा कमी असेल तर’ अशी वर्क ऑर्डर (आपोआप सुरू होणाऱ्या कामाची आज्ञा) लावा. पिंपं संपली की काम रद्द होतं, तेव्हा त्यांच्या जागी चालणारे दगडी हंडे सतत घडवत राहा.

वाहतं पाणीही एफपीएस खातं. धबधब्याला लीव्हरवर चालणारं फ्लडगेट (पाणी अडवणारं दार) लावा आणि गरज नसेल तेव्हा बंद ठेवा.