प्रबंध सादर करण्याआधी: संपादन, मुद्रितशोधन आणि गोव्याची नावे

प्रबंध लिहून झाला की बहुतेक जण पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसतात. मग मार्गदर्शक तिसऱ्या प्रकरणातला अर्धा भाग दुसऱ्यात हलवायला सांगतात आणि केलेली मेहनत पाण्यात जाते. आधी रचना, मग तपशील, मग भाषा, मग संदर्भ आणि शेवटी मुद्रित, हा क्रम मोडू नये. एका फेरीत एकच गोष्ट पाहावी. दोन गोष्टी एकदम पाहणाऱ्याच्या हातून दोन्ही निसटतात.

रचनेची फेरी एका दिवसात उरकता येते. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते समासात एका वाक्यात लिहा. वाक्य सुचत नसेल तर परिच्छेद फोडा किंवा काढून टाका. सलग दोन परिच्छेदांसाठी तेच वाक्य आले तर त्यातला एक जादा आहे. मग प्रस्तावनेतली उद्दिष्टे आणि शेवटचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहा: उत्तर न मिळालेले उद्दिष्ट परीक्षकाला सर्वांत आधी दिसते.

गोव्यावरच्या प्रबंधात खरा घोळ नावांचा असतो, म्हणून भाषेला हात लावण्याआधी शब्दपत्रक तयार करा. दोन रकाने पुरतात: प्रबंधात वापरायचे रूप आणि साधनांत आढळणारी रूपे. पोर्तुगीज किंवा इंग्रजी कागद वाचून लिहिताना डिचोलीचे ‘बिचोलिम’, पेडण्याचे ‘पेर्नेम’, केप्याचे ‘क्वेपेम’ होते आणि एकाच प्रकरणात दोन गावे असल्याचा भास होतो. आडनावांचेही तेच. पोर्तुगीज दप्तरातला ‘कामोतिम’ म्हणजे कामत. तो वेगळा माणूस म्हणून सूचीत शिरला तर वंशावळच बिघडते. साष्टी हे नाव मुंबईजवळच्या बेटालाही आहे आणि तेही पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘गोव्यातील साष्टी’ असे स्पष्ट लिहा.

याच पत्रकात ‘हात लावू नये’ असा तिसरा रकाना जोडा. मुद्रितशोधक गोव्याबाहेरचा असेल तर तो ‘गांवकारी’चे ‘गावकरी’ करणारच. त्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती असते, पण जमीन सामाईकपणे सांभाळणारी संस्था जाऊन तिथे नुसती गावातली माणसे उरतात. खाजन शेतीतली (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरच्या शेतीतली) ‘मानस’ म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी झडप. तिचे ‘मन’ झालेले वाचायला गमतीचे वाटेल, परीक्षकाला वाटणार नाही. कुळागर (माड-पोफळीची बागायत), बांद (बांध), मांड (गावाची एकत्र येण्याची जागा), काबिजाद (जिंकून घेतलेला मुलूख) हे शब्दही याच रकान्यात घाला. मुलाखतींतली कोकणी वाक्ये तर जशीच्या तशी ठेवावीत आणि अर्थ तळटीपेत द्यावा.

तपशिलाच्या फेरीत प्रत्येक सनावळीवर बोट ठेवून वाचा. ‘१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला’ हे वाक्य सर्रास आढळते, पण तेव्हा हाती आले ते गोवा शहर आणि तिसवाडीचे बेट. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये आले, तर पेडणे, डिचोली, सत्तरी वगैरे नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडण्याच्या देवस्थानावर सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज हुकुमाचा परिणाम दाखवणारा परिच्छेद इथेच कोसळतो. शके वरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवू नका. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८८३ चा कार्तिक १९६१ मध्ये येतो, पण माघ १९६२ मध्ये.

आता भाषा. नेहमीच्या चुका थोड्याच आहेत आणि त्या एकेक करून शोधता येतात: ‘महत्व’, ‘तत्व’, ‘व्यक्तिमत्व’ (तिन्हींत त दोनदा हवा, ‘नेतृत्व’ला मात्र एकच), ‘आणी’, ‘तथापी’ (दोन्ही ऱ्हस्व), ‘गरीबांना’, ‘वकीलाने’ (सामान्यरूपात ऱ्हस्व होते, पण ‘परीक्षेला’सारखा तत्सम शब्द बदलत नाही). शब्द सुटा असताना ‘कवी’, समासात ‘कविसंमेलन’. विसर्गाचे बटण दाबून अपूर्णविराम दिल्याची खोड तर घरोघरी आहे. ‘उदाः’ शोधा, किती सापडतात ते बघा.

जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर वेगळ्याने वाचावा. रफार आणि चंद्रकोरीचा र यांची अदलाबदल होते: ‘दर्याकाठी’चे ‘दऱ्याकाठी’ झाले की समुद्र डोंगरात जातो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली गप्प राहते. ‘ॲ’ आणि ‘ऱ’ ही अक्षरे दोन-दोन प्रकारे टंकता येतात. पडद्यावर सारखीच दिसतात, पण शोध घेताना एकच प्रकार सापडतो. म्हणून दोन्ही प्रकार शोधून एकच ठेवा, नाहीतर निम्म्या दुरुस्त्या राहून जातील.

संदर्भ दोन्ही दिशांनी जुळवायचे: मजकुरातला प्रत्येक उल्लेख सूचीत आहे का, आणि सूचीतली प्रत्येक नोंद मजकुरात कुठे तरी आहे का. छापील सूचीवर खुणा करत गेलात तर लवकर होते. संगणकाच्या अकारविल्ह्यावर विसंबू नका. तो ‘ळ’ला ‘ल’च्या मागोमाग बसवतो आणि क्षीरसागरांना ‘क’मध्ये ढकलतो. मराठी वर्णक्रमात ळ, क्ष, ज्ञ हे ‘ह’नंतर येतात. क्रम कोणताही घ्या, पण सूचीभर तोच ठेवा. इतिहासकार पिसुर्लेकरांसारख्या लेखकाचे पोर्तुगीज आणि मराठी लेखन असेल तर दोन लिप्यांत दोन ठिकाणी नोंदी पडतात. मराठी रूपाखाली सगळे एकत्र आणावे.

साम्य-तपासणीबद्दल: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, अवतरणे आणि संदर्भसूची त्यात मोजली जात नाहीत. मराठीत यंत्राला फारसे सापडत नाही म्हणून निर्धास्त राहणे मूर्खपणाचे आहे, कारण परीक्षकाने ती पुस्तके वाचलेली असतात.

शेवटचे वाचन कागदावर, अक्षर १४ टायपात आणि ओळींत मोकळे अंतर ठेवून करावे. तासाला आठ पानांहून जास्त वाचत असाल तर तुम्ही वाचत नाही, आठवत आहात. कोष्टके दोघांनी तपासावीत: एकाने मूळ आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवायचे. सादर करण्याची तारीख गणेश चवथीनंतरची असेल तर छपाई आणि बांधणी आधीच उरका. त्या आठवड्यात दुकाने बंद असतात. पीडीएफ झाल्यावर अनुक्रमणिकेतले पृष्ठांक पुन्हा ताडून पाहा आणि एखादा परिच्छेद उचलून साध्या मजकूर-खिडकीत चिकटवा. तिथे अक्षरे विस्कटली तर ती फाइल अपलोड करू नका, मूळ दस्तऐवजातला फाँट बदलून पुन्हा काढा.