टोइंग पिकअपचा हॉर्न: एअर हॉर्न नको, रिले हवा

पिकअपचा हॉर्न मरतुकडा वाजत असेल तर बहुतेक वेळा हॉर्न बिचारा ठीक असतो, त्याच्यापर्यंत पुरेसा करंटच पोचत नाही. टोचन लावून बंद गाड्या ओढणाऱ्या पिकअपला मोठ्या आवाजाची गरज आहे, यात वाद नाही. मागे दीड टनाचे ओझे असले की थांबायला जास्त अंतर लागते आणि सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षेला तुमची अडचण कळत नसते. पण त्यासाठी कॉम्प्रेसर आणि भोंगे लावायची गरज नाही. जोडीचा विंडटोन हॉर्न (शंखासारख्या वेटोळ्यातून आवाज काढणारा विजेचा हॉर्न), एक रिले (बटणाच्या थोड्याशा करंटवर हॉर्नचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), योग्य जाडीची वायर आणि पक्की अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) एवढ्यावर काम होते. सवयीच्या हाताला दीड-दोन तास पुरतात.

एअर हॉर्नचे आधी उरकून घेऊ. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ११९ प्रमाणे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा अवाजवी कर्कश, दचकवणारा आवाज करणारा हॉर्न गाडीवर बसवता येत नाही. आवाजाच्या मानकांचा भंग झाला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. रोजीरोटी गाडीवर असलेल्याला दंडापेक्षा हे शेवटचे कलम महागात पडते. शिवाय ताडदेव, वडाळा, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही आरटीओत पासिंगला गाडी नेताना भोंगे उतरवायचे आणि परत चढवायचे, हा उद्योग वेगळाच. तांत्रिक कारणही आहे. मोठ्या ट्रकला एअर ब्रेकची टाकी असते, तिथे हवा आयती मिळते. पिकअपला ती नसते, त्यामुळे वेगळा कॉम्प्रेसर लागतो. तो बटण दाबल्यावर हवा भरणार, म्हणजे आवाज क्षणभर उशिरा येणार, आणि हॉर्नला तो क्षणच महत्त्वाचा असतो.

जोडीच्या विंडटोनमध्ये एक जाड आणि एक बारीक सूर असतो, साधारण ४०० आणि ५०० हर्ट्‌झच्या आसपास. दोन्ही एकाच वेळी वाजतात, एकामागून एक नाही, म्हणून ते त्या बंदीत बसत नाहीत. दोन सूर मिळून आवाज भरीव होतो आणि बंद काचेच्या, एसी चालू असलेल्या गाडीतही पोचतो. घेताना आयएस १८८४ (गाडीच्या विजेच्या हॉर्नचे भारतीय मानक) चा उल्लेख आणि नावाजलेला बनवणारा पाहा. पेटीवर दीडशे डेसिबल छापले आहे आणि किती अंतरावर मोजले ते लिहिलेले नाही, असा हॉर्न दुकानातच सोडून या.

आधी मोजा, मग खर्च करा

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसतात. आता जुन्या हॉर्नच्या दोन टोकांवर मीटरच्या पिना धरा आणि दुसऱ्या माणसाला बटण दाबायला सांगा. हॉर्न वाजत असतानाचा आकडा खरा. वायर काढून, हॉर्न न जोडता मोजलेला आकडा फसवतो, कारण करंट वाहत नसेल तर खराब वायरवरही पूर्ण व्होल्टेज दिसते. वाजताना ११.५ च्या वर असेल आणि तरी आवाज नसेल तर हॉर्न गेला. १०.५ किंवा खाली असेल तर नवा हॉर्न लावूनही तोच खोकला ऐकू येईल.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमधून दहा अँपिअर गेले की दर मीटरला सुमारे ०.१७ व्होल्ट वाटेतच जिरतात. मूळची वायर बॅटरीपासून फ्यूजबॉक्स, तिथून स्टिअरिंग आणि मग पुढे हॉर्न असा प्रवास करते, पाच मीटर सहज होतात. म्हणजे पाऊण-एक व्होल्ट वायरमध्ये, वर बटणाच्या काळ्या पडलेल्या पत्त्या आणि गंजलेली अर्थिंग. कंपनीचा एकेरी डिस्क हॉर्न तीन-चार अँपिअर घेतो, म्हणून तो कसाबसा निभावतो. विंडटोनची जोडी मिळून दहाच्या आसपास घेते. त्याच वायरवर ती जोडली की आवाज आधीपेक्षा कमी येतो, बटण जळते, आणि लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला.

सामान

गाडी १२ व्होल्टची आहे हे बॅटरीवर वाचून घ्या. मोठ्या ट्रकवर काम करत असाल तर २४ व्होल्टचा हॉर्न आणि २४ व्होल्टचाच रिले लागेल. मग हे जमवा: विंडटोन जोडी, १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनचा रिले त्याच्या सॉकेटसह, झाकणाचा फ्यूज होल्डर आणि २० अँपिअरचे दोन ब्लेड फ्यूज (एक सुटा), २.५ चौरस मिमीची लाल वायर ३ मीटर, १.५ ची लाल २ मीटर, १.५ ची काळी २ मीटर, १ ची कुठल्याही रंगाची २ मीटर, चपटी थिंबले (वायरच्या टोकाला चेपायचे धातूचे तुकडे) डझनभर, गोल थिंबले सहा, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी), फ्लेक्झिबल पाइप २ मीटर, केबल टाय आणि ८ एमएमचे बोल्ट, स्प्रिंग वायसरसकट.

वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांच्या जुडीची. मुंबईच्या लोहार चाळीत स्वस्त मिळते म्हणून घराच्या वायरिंगची जाड तारांची आणू नका. इंजिनाच्या थरथरीने ती थिंबलाच्या गळ्याशी तुटते, आणि वरून कव्हर शाबूत असल्याने दोष सापडत नाही. क्रिम्पिंगची, म्हणजे थिंबल चेपायची पकड नागदेवी स्ट्रीटवर चांगली मिळते, तिथे हात आखडू नका. साध्या पकडीने चेपलेले थिंबल हेच पुढच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असते.

बसवण्याची जागा

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा, बहुधा दहाचा पाना लागतो. विंचची (बंद गाडी दोराने ओढून घेणाऱ्या मोटरची) केबलही त्याच बॅटरीवर असेल तर पाना लाल टर्मिनलला आणि बॉडीला एकदम टेकू देऊ नका.

हॉर्न ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या आडव्या पट्टीवर बसवा. बंपरमागे खाली जागा मोकळी दिसते, पण तो मोह टाळा. अंधेरी सबवे, मिलन सबवे, हिंदमाता, या मुंबईतल्या पाणी तुंबणाऱ्या जागा. टोइंगची गाडी जुलैत नेमकी तिथेच बोलावली जाते. हॉर्नचे तोंड खाली आणि किंचित पुढे असावे. तोंड वर राहिले तर पहिल्याच पावसात आतल्या वेटोळ्यात पाणी साठते आणि हॉर्न गुळण्या केल्यासारखा वाजतो. रेडिएटरची हवा अडेल असे समोर मधोमधही लावू नका, गाडी ओढताना इंजिन आधीच तापलेले असते.

हॉर्नसोबत येणारी लवचिक पोलादी पट्टी फेकून जाड अँगलवर हॉर्न आवळणे ही नेहमीची चूक. पडदा थरथरतो तेव्हा पूर्ण हॉर्नला थोडे हलू द्यावे लागते. घट्ट जखडला की आवाज दबतो आणि काही महिन्यांत स्टड तुटतो. हॉर्नभोवती सगळीकडून बोटभर जागा ठेवा, बोनेट अलगद मिटवून पाहा, आणि मगच तेराच्या पान्याने नट कसा. हॉर्नच्या पाठीवरच्या लाख लावलेल्या स्क्रूला हात लावू नका. तो फिरवला की करंट वाढतो, आतले पॉइंट जळतात.

रिलेची जोडणी

रिलेच्या बुडाशी चार आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके, ती जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते. ३० आणि ८७ मधून हॉर्नचा खरा करंट जातो. म्हणजे बटणावरचा भार दहावरून पाव अँपिअरच्याही खाली येतो, बटण गाडीइतके टिकते.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ ची लाल वायर फ्यूज होल्डरमधून ३० वर. होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरच्या तुकड्याला कुठलेच संरक्षण नसते. तो पत्र्याला घासला तर आग लागते. फ्यूज आत्ता घालू नका. ८७ पासून १.५ च्या दोन लाल वायरी, एकेका हॉर्नला एकेक.

आता ८५ आणि ८६. जुन्या हॉर्नला दोन वायरी येत असतील तर त्या दोन्ही जशाच्या तशा ८५ आणि ८६ वर लावा. काही गाड्यांत बटण पॉझिटिव्ह देते, काहींत हॉर्नला पॉझिटिव्ह कायम असतो आणि बटण अर्थ देते. कॉइलला दोन्ही चालते, डोके खाजवायची गरज नाही. अपवाद एकच: ज्या रिलेवर डायोडची खूण आहे त्यात ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच हवे, उलटे झाले तर फ्यूज उडतो. जुन्या हॉर्नला एकच वायर असून तो बॉडीतून अर्थ घेत असेल तर ती वायर ८६ वर आणि ८५ पासून वेगळी वायर अर्थला. मूळच्या वायरी कापू नका, त्यांच्या टोकांत बसणारी चपटी थिंबले लावा. गाडी वॉरंटीत असेल तर हे विशेष.

पाच पिनच्या रिलेत मधे ८७ए असते. हॉर्न चुकून तिथे गेला तर फ्यूज घालताच वाजायला लागतो आणि बटण दाबल्यावर गप्प होतो.

रिले उभा, पिना खाली असा लावा, पाणी निथळून जाते. बॅटरीच्या डोक्यावर नको, आम्लाच्या वाफेने पिना खाल्ल्या जातात.

अर्थिंग, जिथे सगळे अडते

दोन्ही हॉर्नच्या काळ्या वायरी एका गोल थिंबलात घेऊन बॉडीच्या बोल्टवर न्या. तिथला रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वायसर लावा, नट कसा, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी फासून मग थिंबल ठेवायचे नाही. नुसत्या रंगावर आवळलेली अर्थिंग पहिल्या दिवशी चालते, कारण बोल्टचे आटे थोडाफार करंट नेतात. मुंबईची खारी हवा एका पावसाळ्यात तिथे हिरवट कीट आणते आणि मग एकच हॉर्न वाजतो किंवा दोन्ही कण्हतात.

विंचची अर्थिंग ज्या बोल्टवर आहे तिथे हॉर्नची जोडू नका. विंच भाराखाली शेकडो अँपिअर ओढते, त्या जोडावर व्होल्टेज पडते आणि नेमके त्या वेळी, गाडी रस्त्यात आडवी असताना, हॉर्न मरतो. शक्य असेल तर काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. दोन्ही हॉर्नचा भार एकाच वायरमधून तिथवर न्यायचा असेल तर ती २.५ ची घ्या.

थिंबल लावताना वायर सहा-सात मिमी सोला, तारा पिळून आत घाला, पकडीने चेपा आणि मग जोराने ओढून पाहा. हातात आले तर आत्ता आले हे बरे, खंडाळ्याच्या घाटात येण्यापेक्षा. वर हीट श्रिंक स्लीव्ह. सगळी वायर फ्लेक्झिबल पाइपात घालून दर वीतभर अंतरावर केबल टाय. सायलेन्सरच्या पाइपापासून, पंख्यापासून आणि बोनेटच्या बिजागरीपासून लांब.

तपासणी

निगेटिव्ह जोडा, शेवटी फ्यूज घाला. बटण सेकंदभर दाबा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी हॉर्नच्या पॉझिटिव्हवर धरून वाजवा: ०.४ व्होल्टच्या आत हवे. तसेच बॅटरीचे निगेटिव्ह ते हॉर्नचे निगेटिव्ह: ०.२ च्या आत. हे दोन आकडे जमले की वायरिंग पास. तपासणी दिवसा करा आणि इस्पितळ, शाळा, कोर्टापासून शंभर मीटरच्या बाहेर. तो शांतता क्षेत्राचा पट्टा आहे. विनाकारण हॉर्न वाजवल्यास कलम १९४एफ प्रमाणे पहिल्यांदा हजार, पुढे दोन हजार. (२०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी ८५ डेसिबलच्या वर गोंगाट झाला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागणारा सिग्नल दाखवला होता. टोइंगवाल्याला वेळेचे भान असते, त्याला तो पटायला हरकत नाही.)

रिले टकटक वाजतो पण हॉर्न गप्प: फ्यूज, मग अर्थिंग. रिलेही वाजत नाही: बटण किंवा ८५-८६. स्टिअरिंग सरळ असताना वाजतो, वळवल्यावर नाही: स्टिअरिंगमधली स्लिप रिंग (फिरत्या चाकातून बटणाचा करंट नेणारी कडी) झिजली आहे, एअरबॅगची गाडी असेल तर ते चाक स्वतः उघडू नका. हॉर्न अडकून वाजतच राहिला तर आधी रिले उपटा. आवाज थांबला नाही तर ३० आणि ८७ कुठेतरी वायरमध्येच भिडले आहेत, फ्यूज काढा. थांबला तर दुसरा रिले लावा. तोही बटण न दाबता ओढला गेला तर स्टिअरिंगखालची वायर सोलली आहे, नाहीतर पहिल्या रिलेचे पॉइंट चिकटले होते. म्हणून एक रिले डॅशबोर्डच्या खणात कायम ठेवा.

गाडीवर आधीच एअर हॉर्न असेल तर भोंगे काढून थांबू नका. कॉम्प्रेसरला बॅटरीवरून गेलेली जाड वायर बरेचदा तशीच लोंबत सोडलेली असते, टोक टेपने गुंडाळून. उन्हाने टेप सुटते आणि फ्यूज नसलेली ती वायर चासीला लागते. ती बॅटरीच्या टर्मिनलपासूनच सोडवून पूर्ण बाहेर ओढा, पत्र्यातल्या भोकात रबरी बूच घाला.