एपुपा धबधबा बघायला जायचंय? रस्ता, मुक्काम आणि बाकीचं सगळं

नामिबियाला जाणारे बहुतेक लोक सोसुसफ्लेईचे वाळूचे डोंगर आणि एतोशा राष्ट्रीय उद्यानातले प्राणी बघून परततात, वेळ कमी असेल तर तेच बरोबर आहे. पण हातात चार-पाच दिवस जास्तीचे असतील तर पार वायव्येला, अंगोलाच्या हद्दीवर कुनेने नदीवर एपुपा धबधबा आहे, तिकडे जा. माझी एकच अट, तिथे दोन रात्री राहायचं. एका रात्रीत उरकायला गेलात तर पोचायच्या दिवशी अंग धुळीने भरलेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच रस्त्याला लागायचं, मग एवढं लांब कशाला जायचं?

आधी हे डोक्यात घ्या की हा व्हिक्टोरियासारखा एक अखंड पाण्याचा पडदा नाहीये. नदी इथे साधारण अर्धा किलोमीटर पसरते आणि मग तिचे फाटे फुटून खडकांच्या फटींतून जागोजागी खाली पडतात, दीडेक किलोमीटरच्या पट्ट्यात मिळून पाणी जवळपास ६० मीटर उतरतं आणि त्यातली सगळ्यात मोठी उडी ३७ मीटरच्या आसपास आहे. आकड्यांवर जाऊ नका. खरी मजा म्हणजे त्या खडकांवर, अगदी पाण्याच्या काठाला चिकटून उभी असलेली बाओबाबची झाडं, म्हणजे आपण ज्याला गोरखचिंच म्हणतो ती. आजूबाजूला सगळा कोरडा तांबूस डोंगराळ मुलूख आणि मधेच हा माकलानी पामांचा हिरवा पट्टा.

कधी जायचं? पाणी सगळ्यात जास्त साधारण एप्रिल-मेला असतं, म्हणून मे ते जुलै मला सगळ्यात बरा काळ वाटतो, पाणीही चांगलं आणि हवाही थंड. सप्टेंबरनंतर पाणी कमी होतं, पण कुनेने बारमाही आहे त्यामुळे धबधबा पूर्ण आटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला उकाडा भयंकर असतो. जानेवारी ते मार्च पावसाचे दिवस, तेव्हा रस्त्यात आडवे येणारे कोरडे ओढे अचानक भरून वाहतात आणि तुम्ही एका काठावर बसून राहता, त्यामुळे पहिल्यांदाच जात असाल तर ते महिने सोडाच.

आता रस्ता, कारण खरा विषय तोच आहे. राजधानी विंडहुकवरून गाडी भाड्याने घ्यायची, ओचिवारोंगो, आउट्यो, कमान्याब करत ओपुवो गाठायचं. हे ७०० किलोमीटरच्या वर जातं पण ओपुवोपर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी डावीकडूनच चालवायची असते. तरी एका दिवसात रेटू नका, आउट्यो किंवा कमान्याबला रात्र काढा. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही म्हणजे नाही, रस्त्यावर गाढवं, गुरं आणि कुडू हरणं येतात आणि कुडू हा काही छोटा प्राणी नाही.

ओपुवो ते एपुपा साधारण १८० किलोमीटर, सी ४३ नंबरचा खडीचा रस्ता, तीन ते चार तास धरून चाला. कोरड्या दिवसांत जमिनीपासून उंच गाडी असेल तर फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी) नसतानाही लोक जातात पण मी तरी फोर बाय फोरच घेईन, आणि दोन स्टेपन्या मागून घेईन. टायर आणि काचेचा वेगळा इन्शुरन्स मिळतो तो घ्या, खडीवर दोन्हीची वाट लागते. डांबरी संपलं की टायरमधली हवा थोडी कमी करायची, किती ते गाडी घेतानाच विचारून ठेवा, आणि ८० च्या वर जायचं नाही. रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात, त्यावर वेगात ब्रेक मारला की गाडी घसरते, इथले बरेचसे अपघात समोरच्या गाडीमुळे नाही तर असे स्वतःचे स्वतःच होतात.

ओपुवोमध्ये टाकी फुल्ल करा, एपुपाला पेट्रोल-डिझेल मिळेल या भरवशावर जाऊ नका. एटीएम, सुपरमार्केट, टायर दुरुस्ती सगळं इथेच उरकायचं. कॅश ठेवा, नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड दोन्ही सारख्याच किमतीला चालतात. पाणी माणशी पाच लिटर तरी गाडीत असू द्या.

राहायला एपुपात नदीकाठीच जागा आहेत, गावात शिरलात की दिसतात. ओमारुंगा कॅम्प पामांच्या सावलीत आहे, खोल्या आहेत आणि तंबू लावायलाही जागा आहे. एपुपा फॉल्स लॉज धबधब्याला अगदी खेटून, रात्रभर पाण्याचा आवाज, काहींना त्याने झोप येते काहींची जाते, आपण कुठल्या गटातले ते ओळखून बुक करा. एपुपा कॅम्प नदीच्या वरच्या अंगाला थोडा लांब आणि शांत. बजेट कमी असेल तर सरळ कॅम्पसाइट घ्या, गाडीच्या टपावर तंबू असलेल्या गाड्या भाड्याने मिळतात आणि मला विचाराल तर इथे खोलीत पैसे घालण्यात फार अर्थ नाही, दिवस सगळा बाहेरच जातो. जून ते ऑगस्ट गर्दीचे महिने, तेव्हासाठी आधी बुकिंग हवंच. जेवण लॉजवरच सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी गावात हॉटेल शोधाल तर उपाशी राहाल. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, इथे मांसाहार म्हणजेच जेवण.

धबधबा बघायला काठाकाठाने खालच्या बाजूला चालत जायचं, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. कठडे वगैरे काही नाहीत, खडक गुळगुळीत आहेत, चपला नकोत. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाणी कितीही शांत दिसलं तरी पोहायचं नाही, काठावर बसून पाय सोडायचे नाहीत. संध्याकाळी गावामागच्या टेकडीवर जा, तिथून सगळे फाटे एकदम दिसतात. पलीकडचा काठ अंगोला आहे, तिकडे जायचा विचार नको.

हा हिंबा या गुरं पाळणाऱ्या आदिवासी लोकांचा भाग आहे. १९९० च्या दशकात इथे मोठं धरण बांधायचा घाट घातला होता, त्यात हा धबधबा आणि त्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांची जागा दोन्ही बुडाली असती, हिंबांनी जोरदार विरोध केला आणि ते राहिलं. त्यांच्या वस्तीवर जायचं असेल तर लॉजमधून स्थानिक गाइड घेऊनच जा. प्रत्येक वस्तीत एक पवित्र अग्नी असतो, मुख्य झोपडी आणि गुरांच्या गोठ्याच्या मधल्या जागेत, तिथून आडवं चालत जायचं नसतं, गाइड सांगतोच. फोटो आधी विचारून. मुलांना चॉकलेटं वाटण्यापेक्षा मक्याचं पीठ, साखर, तेल असं वस्तीसाठी घेऊन जा, ओपुवोतच घ्या.

मलेरियाचा पट्टा आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी विचारा, आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे. प्लगची पिन तीन जाड गोल वाली लागते.

परतताना नदीकाठाने डी ३७०० नंबरचा रस्ता घेऊन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या रुआकानाला निघायचा मोह होतो. नकाशावर छान दिसतो, पण तो बरीच वर्षं पक्का फोर बाय फोर रस्ता होता, आता कसा आहे ते आधी विचारा, वेळ खूप खातो, एकट्या गाडीने नको. रुआकानाचा धबधबा १२० मीटर उंच आहे खरा पण त्याचं पाणी वीज प्रकल्पात वळवलेलं असतं, मोठा पूर नसेल तर नुसता कोरडा कडा बघायला मिळतो. त्यापेक्षा ओपुवोवरूनच खाली या आणि वाटेत एतोशाच्या पश्चिमेच्या गाल्टन गेटमधून आत शिरा. फक्त दक्षिणेकडे येताना जनावरांच्या रोगांसाठी चेकनाका लागतो, कच्चं मांस पुढे नेऊ देत नाहीत, त्यामुळे उरलेलं आदल्या रात्री शेगडीवर संपवून टाका.