छोट्या कंपनीत सगळ्यांना सामावून घ्यायचं तर सुरुवात कुठून करायची

मी भोसरीत एका जॉब वर्क करणाऱ्या कंपनीत एचआर बघते, ऑफिस धरून ३८ माणसं. डायव्हर्सिटी म्हटलं की आपल्याकडच्या बऱ्याच मालकांना वाटतं हे मोठ्या आयटीवाल्यांचं काम, आपल्याला कुठे परवडतंय. पण परवडतं, आणि जे आम्ही चार वर्षांत केलं त्यातल्या निम्म्याला तर पैसेच लागले नाहीत, म्हणून लिहितेय.

आधी कागद घ्या आणि शेवटची वीस माणसं कोणाच्या ओळखीनं लागली ते नावासमोर लिहा. आमच्याकडे वीसपैकी चौदा जण दोन सुपरवायझरांच्या गावचे नाहीतर नात्यातले निघाले आणि बाई फक्त एक. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का" एवढंच विचारत गेलो की असंच होतं. म्हणून आता प्रत्येक जागेची जाहिरात आयटीआयच्या नोटीस बोर्डावर लावतो, ओळखीतला आला तरी चालतो पण टेस्ट सगळ्यांना एकच. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर घ्यायचा असेल तर हातात व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन, आणि ड्रॉइंग द्या, जॉब म्हणजे तयार झालेला भाग मोजायला सांगा, मार्क तिथल्या तिथे लिहा, आणि मग चर्चा करा, आधी चर्चा केली की मोठ्या आवाजाच्या माणसाचंच मत सगळ्यांचं होतं.

इंटरव्ह्यू मराठीत द्या म्हणावं, हिंदीत द्या म्हणावं. कस्टमरला मेल लिहायची नसेल तर इंग्रजी कशाला हवं? आणि काही प्रश्न सरळ बंद करा: लग्न कधी करणार, मूल किती वर्षांचं, सासरचे पाठवतील का. तसंच "हे आडनाव म्हणजे नक्की कुठले तुम्ही?" हा पण. विचारणारा म्हणतो सहज विचारलं, पण समोरच्याला बरोबर कळतं की जात विचारली जातेय, आणि तो मुलगा मग उरलेला इंटरव्ह्यू अंग चोरून देतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय.

बायका घ्यायच्या ठरवल्या तर आधी टॉयलेट बघा. आतून कडी लागते का, पाणी येतं का, झाकणाचा डस्टबिन आहे का, शॉप फ्लोअरपासून किती लांब आहे. हे नसेल तर बाई सहा महिन्यांत सोडून जाते आणि आपण म्हणतो बायका टिकत नाहीत.

१० किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्या तरी बायका, एक मेंबर बाहेरचा. मालकाच्या घरातली बाई अध्यक्ष करू नका, तिच्याकडे तक्रार घेऊन कोण जाईल? तक्रार करायला घटनेपासून ३ महिन्यांची मुदत असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, हे मेंबरांच्या मोबाईल नंबरसकट लेडीज टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे निवांत वाचता येतं.

अपंगत्वाचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, नुसती व्हीलचेअर नाही. खाजगी कंपनीलाही समान संधी धोरण लिहून लावावं लागतं. रॅम्प करणार असाल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी, त्यापेक्षा उभा केला तर तो फक्त दाखवायला. आमच्याकडे एक मुलगा ऐकू न येणारा आहे, पॅकिंगला, तर आम्ही हॉर्नच्या जोडीला लाल लुकलुकणारा दिवा बसवला, फोर्कलिफ्टवर पण, आणि खरं सांगायचं तर मशीनच्या आवाजात त्याचा उपयोग सगळ्यांनाच झाला.

आता सगळ्यात अवघड, डबा. आमच्याकडे "नॉनव्हेजवाले तिकडे बसा" असं न लिहिलेलं होतं, आणि तिकडे म्हणजे स्क्रॅपच्या शेजारी, पंखा नसलेल्या बाजूला. नोटीस लावून हे जात नाही हो. आम्ही ते टेबल उचललं, सगळी टेबलं एका रांगेत पंख्याखाली आणली, आणि प्लांट हेड स्वतः महिनाभर रोज वेगळ्या ठिकाणी डबा उघडून बसले. ज्याला वास चालत नाही त्याने थोडं लांब बसावं, पण दुसऱ्याला उठवायचं नाही. दोघं रुसले, एक महिना वेगळे जेवले, मग आले.

नावांचंही तसंच. "ए भैया", "ए बिहारी", "ए बहिऱ्या" बंद, नावाने हाक मारायची, आणि सुरुवात सुपरवायझरपासून, कारण तो जे म्हणतो तेच लाईनवर चालतं. सुट्ट्यांमध्ये दोन ऐच्छिक ठेवा, १४ एप्रिलला कोणी सुट्टी मागितली तर कारण विचारत बसू नका.

आणि ती वीस जणांची यादी दरवर्षी परत काढा. आमच्या यंदाच्या यादीत ओळखीतले सहा, बायका पाच. रात्रपाळीला मात्र अजून एकही बाई नाही, कारण घरापर्यंत सोडायला गाडी नाही आणि गाडीशिवाय मी कोणाला विचारणारही नाही. शेजारच्या दोन कंपन्यांबरोबर मिळून एक गाडी लावायचं बोलणं चालू आहे.