पवनचक्कीच्या डाउनटाइमचा हिशोब : या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डाउनटाइम, म्हणजे मशीन बंद राहण्याची वेळ, नुसता तासात मोजणं. रिपोर्टमध्ये ९७ टक्के अव्हेलेबिलिटी (मशीन चालायला तयार असल्याची वेळ) दिसली की सगळे खूश, पण वर्षाचे ८७६० तास, त्यातले ३ टक्के म्हणजे २६० च्या वर तास मशीन बंद, आणि ते नेमके कधी गेले हे कोणी बघतच नाही. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. २ मेगावॉटची मशीन फुल वाऱ्यात १० तास बंद राहिली तर २० हजार युनिट बुडाले, आणि वारा २ मीटर प्रति सेकंद असताना तेवढीच बंद राहिली तर काहीच बुडालं नाही, तरी तासांच्या तक्त्यात दोन्ही सारखेच! त्यामुळे बुडालेल्या युनिटचा कॉलम हवाच. बंद मशीनवरचं वारा मोजायचं यंत्रच गेलं असेल तर शेजारच्या मशीनचा वारा घ्या, तिथे शून्य भरू नका.

दुसरी चूक अलार्मची. समजा रात्री २:१४ ला पिच बॅटरीचा (पाती फिरवणाऱ्या यंत्रणेची बॅटरी) व्होल्टेज लो आला, लगेच सेफ्टी चेन (धोका दिसला की मशीन थांबवणारं सर्किट) उघडली, मग कन्व्हर्टर (वीज ग्रिडजोगी करणारं यंत्र) ट्रिप, असे मिनिटभरात पंधरा अलार्म, आणि सकाळी एक्सेलमध्ये शेवटचा अलार्म धरला की खापर कन्व्हर्टरवर. मग टीम वर चढून चांगला कन्व्हर्टर उघडून बसते. नेहमी पहिला अलार्म शोधा. आणि हो, स्काडाची (मशीनची माहिती आणि अलार्म लांबून नोंदवणारी संगणक यंत्रणा) वेळ आणि सर्व्हिसवाल्यांच्या नोंदीतली वेळ जुळते का ते आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं विश्लेषण वाया.

ग्रिड गेली, लोड कमी करायला सांगितलं, ठरलेली सर्व्हिस होती, हे मशीनच्या बिघाडात मिसळू नका. आयईसी ६१४००-२६ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये याची वर्गवारी दिलेलीच आहे.

माझ्या मते खरी गंमत दुरुस्तीची वाट बघण्यात जाणाऱ्या वेळेत असते. काम ६ तासांचं आणि मशीन ४ दिवस बंद, कारण पार्ट नाही, क्रेन नाही, किंवा वारा जास्त म्हणून वर चढता येत नाही. बिघाड कळेपर्यंत किती, टीम पोचेपर्यंत किती, पार्टला किती, प्रत्यक्ष कामाला किती असे तुकडे पाडले की स्टोअरमध्ये काय ठेवायचं ते आपोआप दिसतं, गिअरबॉक्स क्वचित जातो पण गेला की आठवडे खातो.

आणि रिमोट रिसेट, म्हणजे वर न चढता लांबूनच मशीन पुन्हा सुरू करणं. पाच मिनिटांचा स्टॉप स्काडाच्या दहा मिनिटांच्या सरासरीत लपून जातो, म्हणून एकाच फॉल्टला महिन्यात किती वेळा रिसेट मारला ते वेगळं मोजा.