जुना डेक उखडायच्या आधी

डेक, म्हणजे घराच्या मागच्या दाराला लागून खांबांवर उभा केलेला लाकडी फळ्यांचा ओटा, बदलून घेणाऱ्या घरमालकाची सगळी ताकद जुन्या फळ्या जागेवर असेपर्यंतच असते. पहिली फळी निघाली की पारडं फिरतं. मागचं दार हवेत उघडतं, अंगणात कुजक्या लाकडाचा ढीग पडतो, ॲडव्हान्स गेलेला असतो. कॉन्ट्रॅक्टरलाही पक्कं ठाऊक असतं की आता तुम्ही कुठे जाणार नाही, कारण दुसऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम हातात घ्यायला कोणी सहज तयार होत नाही. आमच्याकडे हे सगळं साग्रसंगीत झालं. त्याचं रडगाणं ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवून झालंय, म्हणून इथे फक्त त्यातून निघालेली यादी देतेय. तिच्यातली बहुतेक कामं उखडण्याच्या आधीची आहेत.

कोणालाही फोन करण्याआधी एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन स्वतः डेकखाली शिरा. वरच्या फळ्या उन्हापावसानं फाटलेल्या दिसतातच, पण त्या बदलणं हा सोपा भाग. खरं दुखणं खाली असतं. खांब जमिनीला टेकतात ती बुडं, वासे घराच्या भिंतीजवळच्या आडव्या फळीला मिळतात ते सांधे आणि जिन्याच्या तिरक्या वाशांची खालची टोकं, या तीन जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. धड लाकूड दाद देत नाही. कुजलेल्या लाकडात टोक निवांत आत जातं आणि बाहेर येताना ओलसर काळपट भुसा घेऊन येतं. वरचा रंग मात्र शाबूत असतो, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. जिथे टोक आत गेलं तिथे टेप लावून फोटो काढा.

हे आधी करायचं, कारण खालचा खांब-वाशांचा सांगाडा ठेवायचा की तोही बदलायचा यावर खर्चाचं सगळं गणित उभं असतं. आमचे कॉन्ट्रॅक्टर डेकवर उभे राहून, हात खिशात, ‘सांगाडा ठणठणीत आहे, नुसत्या फळ्या बदलू’ म्हणाले. एकदाही वाकून खाली पाहिलं नाही. फळ्या निघाल्यावर त्याच सांगाड्यात काही उरलं नसल्याचा शोध त्यांना लागला आणि वाढीव बिलाची भाषा सुरू झाली. म्हणून पाहणीला आलेला माणूस डेकखाली शिरतो की नाही, ही त्याची पहिली परीक्षा समजा. जो शिरत नाही त्याचं कोटेशन कितीही कमी असो, ते अंदाजपंचे आहे.

भिंतीजवळच्या त्या आडव्या फळीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. तिला लेजर म्हणतात आणि डेकचा घराकडचा सगळा भार तिच्यावर असतो. डेक कोसळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ती फळी नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली असणं. खिळा ओढीला टिकत नाही, हळूहळू सुटत येतो. तिथे आरपार बोल्ट किंवा याच कामासाठी बनवलेले जाड स्क्रू हवेत. दुसरं कारण पाणी. फळी आणि भिंत यांच्यामध्ये पाणी उतरू नये म्हणून वरून वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवतात, तिला फ्लॅशिंग म्हणतात. ती नसेल किंवा चुकीची असेल तर कूज डेकपुरती राहत नाही, घराच्या भिंतीत शिरते. २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एका इमारतीची लाकडी बाल्कनी कोसळून सहा जण गेले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती, पण बाल्कनी पेलणारे वासे आत शिरलेल्या पाण्यानं कुजून गेले होते. त्यानंतर कॅलिफोर्नियानं अनेक घरं असलेल्या इमारतींच्या अशा बाल्कन्या ठरावीक काळानं तपासून घेणं कायद्यानंच सक्तीचं केलं. तेव्हा ‘फ्लॅशिंग कशी लावणार, दाखवा’ हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. ज्याला काम येतं तो तिथल्या तिथे कागदावर आकृती काढून देतो. ज्याला येत नाही तो ‘ते आम्ही सिलिकॉन मारून घेऊ’ म्हणतो.

पाहणी झाली की आपल्या कामाचं वर्णन आपणच एका पानावर लिहा आणि प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला तेच पान द्या. नाहीतर तीन कोटेशनं येतात ती तीन वेगळ्या डेकची, आणि मग तुलना कशाची करणार? पानावर लांबी-रुंदी-उंची, सांगाडा नवा की जुना, वाशांमधलं अंतर, फळ्यांचा प्रकार, कठड्याची उंची, जिना कुठे उतरणार आणि फाटक कुठल्या बाजूला उघडणार हे सगळं यायला हवं. फाटकाची बाजू क्षुल्लक वाटते, पण आमचं फाटक जिन्याच्या बाजूला उघडतं. म्हणजे ओढताना माणूस एक पाऊल मागे सरकतो, आणि मागे सपाट जागा नसून जिन्याचा उतार असतो. पुढेमागे मोठा पाण्याचा टब किंवा मातीच्या जड कुंड्या ठेवायचा विचार असेल तर तेही आत्ताच लिहा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. त्यासाठी खालचे खांब आणि पाये वेगळे लागतात, मागाहून ते जमत नाही.

‘लेबर-मटेरियलसह नवीन डेक’ अशा एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. त्यावर भांडताही येत नाही, कारण त्यात काही लिहिलेलंच नसतं.

मालाच्या बाबतीत फळ्यांच्या रंगावर सगळ्यांचा वेळ जातो आणि स्क्रूंकडे कोणी बघत नाही. खरं तर उलट हवं. कुजू नये म्हणून रसायन भरलेलं लाकूड पूर्वी आर्सेनिकवालं असे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ अखेर बंद झालं आणि त्याजागी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली. तांबं साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला खातं. त्यामुळे अशा लाकडात साधे किंवा नुसता पातळ मुलामा दिलेले खिळे-स्क्रू गंजून जातात, आणि लाकूड चांगलं असताना सांधा सुटतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले) किंवा स्टेनलेस स्टील, असं स्पष्ट शब्दांत लिहून घ्या, आणि वासे ज्यात बसतात त्या पत्र्याच्या हँगरसाठीही तेच. फ्लॅशिंगचा ॲल्युमिनियमचा पत्रा अशा लाकडाला थेट टेकवायचा नाही. काम चालू असताना स्क्रूंचा डबा उचलून त्यावरचं लेबल वाचा. कामगार जरा विचित्र नजरेनं बघतील, बघू द्या.

कॉम्पोझिट फळ्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या, घेणार असाल तर बनवणाऱ्या कंपनीचं बसवण्याचं माहितीपत्रक आधी वाचा. या फळ्या लाकडापेक्षा जास्त लवतात. सरळ बसवताना वाशांमध्ये साधारण १६ इंच आणि तिरक्या बसवताना १२ इंच, असं अंतर बहुतेक माहितीपत्रकांत दिलेलं असतं. अंतर जास्त ठेवलं तर फळी झोल खाते आणि वॉरंटीवरही पाणी सोडावं लागतं. उष्णतेनं त्या लांबीत वाढतात म्हणून टोकांशी फट सोडावी लागते. रसायन भरलेल्या लाकडाचं नेमकं उलट आहे. ते बऱ्याचदा ओलंच येतं आणि सुकताना रुंदीत आकसतं. त्यामुळे ओल्या फळ्या एकमेकींना टेकवून बसवल्या तरी फट आपोआप पडते. सुक्या असतील तर फट आधीच सोडायची. आणि नव्या लाकडावर लगेच पॉलिश किंवा रंग मारायची घाई कोणी करत असेल तर थांबवा. फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब तसेच वर राहिले तर लाकूड अजून तयार नाही, मुरले तर रंगवाल्याला बोलवा.

आता माणूस पारखणं. नुकत्याच केलेल्या कामाचे फोटो सगळेच दाखवतात. नवा डेक सगळ्यांचाच छान दिसतो. चार-पाच पावसाळे खाल्लेला डेक दाखवा म्हणा आणि जमलं तर तिथल्या घरमालकाशी कॉन्ट्रॅक्टर नसताना बोला. विचारायचा प्रश्न ‘काम कसं झालं?’ हा नाही, त्याला सगळे ‘बरं झालं’ म्हणतात. विचारा, ‘काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का?’ प्रत्यक्ष काम कोण करणार हेही विचारा. आमच्याकडे बोलणी एकानं केली, तोडफोड दुसऱ्या टोळीनं आणि बांधकाम तिसऱ्या. तिसऱ्या टोळीच्या मुकादमाला आधी काय ठरलंय याचा पत्ताच नव्हता. त्याला वाटलं आम्ही आयत्या वेळी मागण्या वाढवतोय, आम्हाला वाटलं तो मुद्दाम वेड पांघरतोय. ते एका पानावरचं वर्णन भिंतीवर चिकटवलेलं असतं तर निम्मी वादावादी टळली असती.

परवाना लागतो का, हे स्थानिक कार्यालयात तुम्ही स्वतः विचारा, कॉन्ट्रॅक्टरला नको. लागत असेल तर तो कोणाच्या नावावर निघणार आणि तपासनीस कुठल्या टप्प्यावर येणार हे करारात लिहा. ‘परवान्याच्या भानगडीत कशाला पडता’ म्हणणाऱ्याला तपासणी नको असते, एवढाच त्याचा अर्थ. कामगारांचा विमा आहे का, त्याचा कागदही बघा. कोणी पडलं तर ते तुमच्या आवारात पडणार आहे.

पैशांचं वेळापत्रक तारखांना बांधू नका, कामाच्या टप्प्यांना बांधा. जुनं उखडून कचरा उचलला, पाये आणि सांगाडा उभा राहून तपासला गेला, फळ्या बसल्या, कठडा आणि जिना झाला, असे टप्पे. ॲडव्हान्स जेमतेम द्या. कॅलिफोर्नियात तर घरदुरुस्तीच्या करारात सुरुवातीला १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी असेल त्याहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी ‘मालासाठी निम्मे आधी द्या’ म्हणणाऱ्याला मालाचं बिल थेट दुकानदाराला चुकवायची तयारी दाखवा. आणि शेवटचा हप्ता इतका ठेवा की तो घ्यायला माणूस परत यावा. किरकोळ उरलेल्या कामांसाठी कोणी किरकोळ रकमेपोटी येत नसतं.

वाढीव कामाचा दरही आत्ताच ठरवा. एक वासा बदलावा लागला तर किती, एक खांब किंवा पाया वाढला तर किती. आणि एक अट घाला, की लेखी होकार दिल्याशिवाय वाढीव काम सुरू होणार नाही. करारात आणखी एक कलम हवं: इतके दिवस सलग काम बंद राहिलं तर करार मोडायचा आणि झालेल्या कामापुरतेच पैसे द्यायचे. हे कलम वापरायची वेळ बहुधा येत नाही, पण ‘उद्या सकाळी माणसं येतात’ हे वाक्य त्यानं थोडं जपून वापरलं जातं. रोज संध्याकाळी त्या दिवशी जे तोंडी ठरलं ते दोन ओळींत मेसेज करून ठेवा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

उखडायच्या आदल्या दिवशीची कामं लहान पण चुकवू नयेत अशी. मागच्या दाराला आतून कुलूप लावा आणि चौकटीत आडवी फळी स्क्रूनं बसवा. सवयीनं दार उघडून कोणीतरी पाऊल टाकतंच, घरात मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. खड्डे खणायचे असतील तर जमिनीखालून जाणाऱ्या वायरी आणि नळ कुठून जातात त्याची खूण करून घ्या. थंडीत जिथे जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर जमीन फुगून खांब वर ढकलते. बाहेरचा नळ, दिव्याची वायर, कुंड्या, शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकलेलं सामान, सगळं हलवा. जुनं लाकूड कोण, कुठे आणि कधी नेणार हे विचारून ठेवा. ते जाळायचं नाही, शेकोटीतही नाही. जुन्या रसायनातलं आर्सेनिक धुरात जातं आणि राखेत उरतं.

काम सुरू झाल्यावर तुमची खरी गरज एकदाच असते, सांगाडा पूर्ण झाल्यावर आणि फळ्या बसायच्या आधी. त्या दिवशी सुट्टी काढा. लेजरचे बोल्ट, फ्लॅशिंग, प्रत्येक हँगरची सगळी भोकं भरली आहेत का, खांब ओळंब्यात आहेत का, हे पाहा आणि फोटो काढा. एकदा फळ्या बसल्या की यातलं फारसं काही धड दिसत नाही. जिना मात्र शेवटी मोजा, टेप लावून. वरच्या फळीची जाडी हिशेबात धरायची राहिली की पहिली किंवा शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी येते, आणि माणूस तिथेच अडखळतो. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेनुसार एका जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत ३/८ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. त्याच संहितेत डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर किमान ३६ इंच उंचीचा कठडा, आणि गजांमधून ४ इंचांचा गोळा आरपार जाणार नाही इतकीच फट, असं आहे. तुमच्या भागात वेगळा नियम नसेल तर हेच आकडे करारात घाला. कठड्याला कंबर टेकवून जोरानं रेलून पाहा. तो हलला तर जिथे हलला तिथे खडूची खूण करा.

शेवटचा हप्ता देण्याआधी बागेचा पाइप लेजरच्या वरच्या भिंतीवर बराच वेळ सोडून ठेवा आणि घरात आतल्या बाजूनं त्या भिंतीला हात लावून या. कोरडी असेल तर उरलेल्या दोन-तीन फळ्या आणि मूठभर स्क्रू मागून घ्या. त्या मापाच्या आणि त्या छटेच्या फळ्या पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही. मालाची बिलं, वॉरंटीचे कागद आणि तपासणीचा शेरा एका फायलीत आले की मगच चेकवर सही करा.