देशाकडून खेळताना काम बदलतं: कॅम्पला निघालेल्या नव्या बास्केटबॉलपटूंसाठी

अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूला देशाच्या कॅम्पचं बोलावणं आलं की घरी पेढे वाटले जातात, शाळेच्या फळ्यावर नाव लागतं, आणि ते व्हायलाच हवं. पण या आनंदात एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तिथे माझं काम काय असणार? मी पुण्यात राज्य पातळीपर्यंत खेळलो. आता मुलांना शिकवतो, आणि माझ्या संध्याकाळी बहुतेक वेळा सामन्यांचे व्हिडिओ कापून त्यांना दाखवण्यात जातात. माझ्याकडची काही मुलं-मुली कॅम्पला जाऊन आली. त्यांना बघून आणि युरोपातल्या तरुण खेळाडूंचे सामने पुन्हा पुन्हा बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. देशाच्या जर्सीने खेळाडू आपोआप मोठा होत नाही. क्लबमध्ये जे काम त्याला मिळत नाही, ते तिथे करावं लागतं म्हणून तो वाढतो.

स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिचपासून सुरुवात करू, कारण त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक जण त्यातून चुकीचं काहीतरी शिकतात. २०१७च्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, स्लोव्हेनिया एकही सामना न हरता विजेता झाला. तेव्हा डॉन्चिच अठरा वर्षांचा होता. रेआल माद्रिद या त्याच्या क्लबमध्ये त्याला मिनिटं मिळत होती, पण संघाचा सूत्रधार सर्जिओ युल होता, त्या वर्षीचा युरोलीगचा (युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा) सर्वोत्तम खेळाडू. स्लोव्हेनियात मात्र गोरान ड्रागिचच्या जोडीने अर्धा खेळ डॉन्चिचच्या हातात आला. उपांत्यपूर्व फेरीत लाटव्हियाविरुद्ध त्याने २७ गुण केले. उपांत्य फेरीत त्यांनी स्पेनला ९२-७२ असं हरवलं. त्याच उन्हाळ्यात स्पेनकडून सरावाचा सामना खेळताना युलच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं. सप्टेंबरमध्ये डॉन्चिच माद्रिदला परतला तेव्हा जागा रिकामी होती, आणि ती भरायची सवय तो नुकतीच करून आला होता. पुढच्या मे महिन्यात रेआल युरोलीग जिंकलं आणि सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

मुलं यातून एवढंच घेतात की देशाकडून चमकलं की नशीब उघडतं. मी त्यांना त्याच स्पर्धेचा अंतिम सामना दाखवतो, सर्बियाविरुद्धचा, ९३-८५. ड्रागिचने ३५ गुण केले हे सगळ्यांना पाठ असतं. पण डॉन्चिच घोटा दुखावून बाहेर गेला होता आणि शेवटच्या टप्प्यात ड्रागिचच्या पायांना गोळे आले. ती मिनिटं क्लेमेन प्रेपेलिचने खेळून काढली. त्याचे २१ गुण झाले. तो कुठल्या बड्या क्लबचा तारा नव्हता. वर्षभराने त्याला रेआल माद्रिदने घेतलं. कॅम्पला जाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची गोष्ट डॉन्चिचपेक्षा प्रेपेलिचच्या जवळची असणार आहे. त्यामुळे तो सामना बघताना नजर त्याच्यावर ठेवा: चेंडू हातात नसताना तो कुठे उभा राहतो, पास आला की किती पटकन ठरवतो.

आता नियमांचं. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, सामने बघून वाढलेल्या मुलांना पहिला धक्का इथे बसतो. फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. फिबात पाचव्या फाउलला बाहेर, एनबीएत सहाव्या. तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर, तिकडे ७.२४. त्याहून मोठा फरक म्हणजे फिबात बचाव करणाऱ्यावर तीन सेकंदांचं बंधन नाही. उंच सेंटर बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. एनबीएसारखा पहिल्या पावलाच्या जोरावर आत घुसणारा गार्ड इथे थेट भिंतीवर आदळतो. मग त्याला मधल्या अंतरावरून थांबून शॉट मारायला, कोपऱ्यात पास काढायला शिकावंच लागतं. आणि चेंडूने रिंगला स्पर्श केला की तो रिंगवर असतानाही कोणीही त्याला हात लावू शकतो. ही सवय नसलेला सेंटर नुसता बघत राहतो आणि दोन गुण हातचे जातात. टाइमआउट मागायचा हक्कही कोचचाच, खेळाडूचा नाही. अडचणीत सापडलेल्या पॉइंट गार्डला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या खेळाडूला, स्वतःच वाट काढावी लागते. अमेरिकेच्या संघात निवडलेल्या तरुणांनाही दर उन्हाळ्यात हे नव्याने शिकावं लागतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जर्मनीने. गॉर्डन हर्बर्ट २०२१ मध्ये कोच झाले तेव्हा त्यांनी खेळाडूंकडे एक गोष्ट मागितली: तीन उन्हाळे द्या. युरोपात आणि एनबीएत खेळणाऱ्या माणसाला उन्हाळा म्हणजे एवढीच विश्रांती, त्यामुळे ही मागणी साधी नव्हती. फ्रान्त्स वाग्नर तेव्हा ऑरलँडो या एनबीए संघात नुकताच सुरुवात करत होता. आल्बा बर्लिन क्लबमध्ये घडलेला, मिशिगन विद्यापीठात दोन वर्षं खेळलेला, एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये आठवा. २०२२च्या युरोबास्केटमध्ये लिथुआनियाविरुद्ध दोन जादा वेळांपर्यंत गेलेल्या सामन्यात त्याने ३२ गुण केले, आणि जर्मनीला कांस्य मिळालं. २०२३च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात त्याचा घोटा दुखावला. संघ त्याच्याविना जिंकत राहिला, तो उपांत्यपूर्व फेरीत परतला, आणि अमेरिकेविरुद्धच्या ११३-१११ अशा उपांत्य सामन्यात त्याने २२ गुण केले. पण त्या दिवशी सर्वाधिक २४ गुण होते आंद्रेआस ओब्स्टचे, जो एनबीएत कधी खेळलेला नाही. मनिलात सर्बियाला ८३-७७ हरवून जर्मनी जगज्जेता झाला.

ऑरलँडो तेव्हा हरणारा संघ होता. हरणाऱ्या संघात तरुण खेळाडूला चुका करायची मोकळीक मिळते, मिनिटं भरपूर मिळतात, पण दोन मिनिटं उरली असताना प्रत्येक चेंडूची किंमत काय असते ते तिथे कळत नाही. ते वाग्नरला जर्मनीकडून खेळताना कळलं असं मी मानतो. शिवाय तिथे चेंडू बहुतेक वेळ डेनिस श्रोडरच्या हातात असायचा. म्हणजे चेंडू हातात नसतानाही उपयोगी कसं पडायचं, हा दुसरा धडा. एकाच क्लबमध्ये हे दोन्ही धडे एकदम मिळणं दुर्मीळ.

ही वाढ कधी कधी फार सावकाशही होते, आणि त्यासाठी स्पेनचा रिकी रुबिओ. बीजिंग ऑलिंपिकच्या २००८च्या अंतिम सामन्यात तो सतरा वर्षांचा होता. संघातला पॉइंट गार्ड होझे काल्देरोन जखमी असल्याने अमेरिकेसमोर त्यालाच उतरावं लागलं. एनबीएत पुढची कित्येक वर्षं त्याच्यावर एकच शिक्का होता: पास सुंदर, शॉट नाही. स्पेनने मात्र त्याच्याकडे दर वेळी थोडं जास्त मागितलं, आणि २०१९च्या विश्वचषकात स्पेन जिंकलं तेव्हा स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तो होता. अकरा वर्षं लागली. पहिल्या कॅम्पनंतर दोन महिन्यांत काही बदललं नाही म्हणून खचणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगतो.

हे सगळे उन्हाळी स्पर्धांचे किस्से झाले. नव्या खेळाडूसाठी खरा दरवाजा बहुधा दुसराच असतो. नोव्हेंबर २०१७ पासून फिबाचे पात्रता सामने वर्षभरात ठरावीक खिडक्यांमध्ये होतात: नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि उन्हाळ्यात. नोव्हेंबर-फेब्रुवारीत एनबीएचा हंगाम चालू असतो, युरोलीगचे क्लबही खेळाडू सोडायला राजी नसतात. मग बहुतेक देश दुसऱ्या फळीतल्या क्लबांमधून संघ उभा करतात. एरवी बाकावर बसणाऱ्या विशीतल्या मुलाला अचानक देशाकडून पंचवीस मिनिटं मिळतात. सराव बोटांवर मोजण्याइतके, सामने दोन, आणि लगेच परत. त्यामुळे या खिडक्यांत तोच टिकतो ज्याला कोचची सेट प्ले (आधीच ठरवलेली चाल) एकदा ऐकून लक्षात राहते. माझ्याकडच्या मुलांना मी वही बाळगायला लावतो. नवीन सेट शिकवला की रात्री खोलीत बसून पाचही खेळाडूंच्या जागा काढायच्या, फक्त स्वतःची नाही.

दुखापतीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. युलचं वर सांगितलंच. ऑस्ट्रेलियाचा डान्टे एक्सम २०१४च्या ड्राफ्टमध्ये पाचवा गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात देशाकडून सरावाच्या सामन्यात गुडघा गेला आणि २०१५-१६चा पूर्ण हंगाम हुकला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. क्लब खेळाडू सोडताना का कां-कू करतात ते यातून समजावं. म्हणून कॅम्पच्या आधी क्लबच्या ट्रेनरकडून आठवड्याचं वेळापत्रक लिहून घ्या आणि देशाच्या फिजिओला पहिल्याच दिवशी दाखवा. दुखतंय ते सांगा. निवड जाईल या भीतीने गुडघ्याला पट्टी बांधून धावणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि माझा जीव तुटतो.

आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे. आपले वरिष्ठ खेळाडू बहुतेक करून रेल्वे, सेनादल, ओएनजीसी अशा ठिकाणी नोकरीत असतात. वर्षभर चालणाऱ्या भक्कम व्यावसायिक लीगची सोबत त्यांना मिळालेली नाही. त्यामुळे युरोपात देशाचा संघ क्लबने घडवलेल्या खेळाडूला बदलतो, तर आपल्याकडे कित्येकदा तोच त्याला घडवतो. २०१४च्या आशिया चषकात वुहानमध्ये स्कॉट फ्लेमिंग यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने चीनला ६५-५८ असं त्यांच्याच घरी हरवलं. त्या पिढीतले अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग आधी जपानमध्ये खेळायला गेले, नंतर अमृतपाल सिडनी किंग्जकडे आणि अमज्योत ओक्लाहोमाच्या जी-लीग (एनबीएची दुय्यम लीग) संघाकडे. परदेशी क्लबला दाखवायला त्यांच्याकडे जे होतं ते मुख्यतः भारताच्या जर्सीतलंच होतं. आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताचं नेतृत्व केलं आहे. तिचे आंतरराष्ट्रीय सामने मुलींनी बघावेत, विशेषतः उंच बचावपटूंसमोर ती शरीराचा वापर कसा करते ते.

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी पालकांचे फोन येतात, म्हणून थोडं पात्रतेविषयी. फिबाला त्या देशाचा पासपोर्ट लागतो. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) भारताकडून खेळता येत नाही, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोळा वर्षांनंतर घेतलं तर त्या देशाच्या संघात अशा एकाच खेळाडूला जागा असते. आणि सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर एका देशाकडून फिबाची अधिकृत स्पर्धा खेळली की नंतर देश बदलणं फार कठीण. हा निर्णय मुलाच्या पंधराव्या वर्षीच शांतपणे बसून घ्यायचा असतो, निवड झाल्यावर नाही.

कॅम्पवरून परतल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, आणि नेमके तेच वाया जातात. खेळाडू थकलेला असतो, क्लबचे सर त्याला जुन्याच जागी उभं करतात, आणि तिथे शिकलेलं विरून जातं. माझ्याकडची एक मुलगी कॅम्पमध्ये प्रथमच पिक-अँड-रोलमध्ये, म्हणजे जोडीदाराने बचावपटूला अडवलं की त्याच्या आडून, चेंडू हाताळायला शिकली. एरवी ती विंगवर, म्हणजे कडेला, उभी राहून शॉट मारायची. परत आल्यावर तिने आपले सहा-सात क्लिप मोबाइलवर घेतले आणि सरळ मला म्हणाली, "सर, दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाच मिनिटं मला चेंडू आणू द्याल का?" मी दिला. पहिल्या सामन्यात तिच्याकडून चेंडू बराच सुटला, तरी पुढच्या सामन्यात ती पाच मिनिटं तिचीच राहिली. सरांशी हे बोलणं प्रत्येक खेळाडूने स्वतः करावं, आईबाबांनी नाही. आणि बोलायला जाताना क्लिप बरोबर न्यावेत.